पगाराचे काय झाले?

प्रेमकथेत पाऊस केव्हा येणार, हे सांगायला वेधशाळा लागत नाही. नायिका परत जायला निघाली, की तो येतोच. परवा वर्गातल्या मैत्रिणींच्या हातोहात फिरत एक इंग्रजी कादंबरी माझ्यापर्यंत आली. वर ब्राऊनपेपरचे कव्हर, म्हणजे आत काय असेल ते सुज्ञांस सांगणे न लगे! नायक विधुर प्राध्यापक. त्याची चार वर्षांची मुलगी. तिला सांभाळायला आलेली एक गरीब तरुणी. पहिल्या प्रकरणात प्राध्यापकमहाशय तिच्यावर डाफरतात, चौथ्यात पाऊस येतो, वीज जाते, मुलगी गाढ झोपते. त्यापुढची पाने इतकी हाताळलेली होती, की कागद फडक्यासारखा मऊ पडला होता.

ती पाने गाळून मी सगळी गोष्ट आईला सांगितली. माझी आई गेली अकरा वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. ज्या घरी जाईल तिथे तिला ‘मावशी’ म्हणतात. शब्द गोड आहे. पण मावशीला रजा मागताना आणि पगारवाढ मागताना तोच आड येतो. नात्यात का कुणी पैशाचे बोलते? आईने भाकरी थापता थापता गोष्ट ऐकली आणि विचारले, “लगीन झाल्यावर तिचा पगार चालू राहिला का गं?”

“अगं, ती आता बायको झाली ना त्याची!”

“म्हंजे काम तेच, पगार बंद,” आई म्हणाली आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

शार्लट ब्राँटे हे नाव आईने कधी ऐकलेले नाही. पण ‘जेन एअर’ या १८४७ सालच्या कादंबरीत जेनला हाच प्रश्न पडला आहे. वर्षाला तीस पौंडांवर रॉचेस्टरच्या घरी छोट्या अदेलला शिकवायला आलेली ही मुलगी. मालक तिला लग्नाची मागणी घालतो, रेशमी वस्त्रे घ्यायला निघतो. आणि ही म्हणते, मी अदेलला शिकवतच राहीन, माझे जेवणखाण आणि तीस पौंड कमावीन! वर्गात आम्ही सगळ्या हसलो होतो. पण लेखिका ते अनुभवाने लिहीत होती. १८४१ मध्ये ती स्वतः एका घरी वीस पौंडांवर मुलांची शिक्षिका होती, आणि त्यातले चार पौंड कपडे धुण्यापोटी कापले जात.

पुढे रॉचेस्टरची पहिली पत्नी जिवंत असल्याचे कळते. तो गयावया करतो. जेनचे त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, तरी ती वीस शिलिंग घेऊन पहाटे घर सोडते आणि माळरानावर उपाशी भटकते. परत येते तेव्हा चुलत्याच्या वारशातून तिच्या वाट्याला पाच हजार पौंड आलेले असतात. आता तिला त्याच्या छपराची गरज नाही. म्हणूनच तिचे परत येणे हे प्रेम ठरते.

माझ्या आईला वारसा मिळाला नाही. काही वर्षांपूर्वी एका घरी मालकाच्या बोलण्याचा सूर बदलला. चहाचा कप घेताना बोटे रेंगाळू लागली. कादंबरीत इथेच नायिकेचे काळीज धडधडते. आईचेही धडधडले असेल, पण कारण वेगळे होते. महिन्याचे एकवीस दिवस भरले होते. ते पैसे तिथेच टाकून ती घरी आली. त्या महिन्यात आम्ही दूध बंद केले. त्या घराचे नाव तिने आम्हांला आजवर सांगितलेले नाही. तिथल्या लहानग्याची आठवण मात्र ती अजून काढते.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने राहते घरसुद्धा कामाचे ठिकाण मानले आहे. घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आईला हे मी वाचून दाखवले. तिने विचारले, “तक्रार केली तर दुसऱ्या घरी काम देतील का?” कायद्याच्या पुस्तकात त्याचे उत्तर मला सापडले नाही.

याचा अर्थ विधुर प्राध्यापकाने आणि मुलीला जीव लावणाऱ्या तरुणीने एकमेकांवर प्रेम करूच नये, असा नाही. एकाच लेकराच्या तापात दोघांनी रात्र जागून काढली, तर माया जुळणारच. दोघेही माणसेच! पण एकाच्या ‘नाही’ने फक्त मन मोडते आणि दुसरीच्या ‘नाही’ने चूल विझते, तिथे ‘हो’ या शब्दाची पारख कशी करायची? मालकाने आधी हे ओळखावे, मग कविता म्हणाव्यात.

प्रेमकथा मी यापुढेही वाचणार आहे, मऊ पडलेल्या पानांसकट. फक्त नायक गुडघे टेकून बसला, की एक गोष्ट आधी पाहीन : पहिल्या तारखेला तिचा पगार झाला होता ना?