पेरूचं खोड पाण्यात टाकण्याआधी

चिपळूण,
२३ नोव्हेंबर

प्रिय चिन्मय,



परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, लाकूड तासभर उकळलं की टाकीत टाकायला हरकत नाही ना?" मी "हरकत आहे" म्हटलं आणि तेवढ्यात तुझी बस आली. या प्रश्नाचं उत्तर बसस्टॉपवर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितोय.

दिवाळीत तू इथून दोन लाकडं नेलीस. एक आपल्या परसातल्या वठलेल्या पेरूचा बुंधा, मुळांसकट. दुसरी गुहागरच्या पुळणीवर सापडलेली वाकडी फांदी. फांदी देखणी आहे, वादच नाही. लाटांनी घासून इतकी गुळगुळीत झालेली वस्तू हाताने करता येत नाही. पण टाकीत जायचा तो पेरू. फांदी पुस्तकांच्या कपाटावर ठेव.

कारण तूच पाठवलेल्या फोटोत आहे. फांदीच्या तुटलेल्या टोकाकडे नीट बघ. गोल भोकं दिसतात आणि भोकांच्या आत पांढरं, चुन्यासारखं अस्तर आहे. हे शिपवर्मचं काम. नाव किड्याचं असलं तरी तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. लाकडी होड्यांचा तळ पोखरतो तो हाच. आपल्या बिळाला तो कॅल्शियम कार्बोनेटचं अस्तर करत जातो. टाकीत ते अस्तर थोडं थोडं विरघळणार आणि पाणी जड होणार. शिवाय लाकडात मुरलेलं समुद्राचं मीठ आहे. ते काढता येत नाही असं नाही. गोड्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजवून, पाणी बदलत राहून निघतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन नळाचं पाणी आणि भिजवणाचं पाणी मोजत राहायचं. दोन आकडे जुळले की मीठ गेलं असं समजायचं. पण एवढं करूनही ती फांदी कुठल्या झाडाची हे आपल्याला कळणार नाही, आणि माझ्या मते तोच मुद्दा निर्णायक आहे. कण्हेर विषारी, शेराचा चीक विषारी, बिब्ब्याने अंगाला फोड येतात. खाडीकाठचा गेवा तर असा की चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं. साल गेलेलं, पाण्याने धुतलेलं लाकूड ओळखणं जुन्या सुतारालाही कठीण. ओळख पटत नाही ते लाकूड माशांच्या घरात न्यायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तूही तो पाळावास.

आणखी एक. वाहून आलेलं लाकूड कुणाचंच नसतं असं लोक धरून चालतात. तसं नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वाहून आलेल्या आणि काठाला लागलेल्या लाकडासाठी वेगळं प्रकरणच आहे. कायदा जिथे लागू केलेला आहे तिथे असं लाकूड, कुणी आपली मालकी सिद्ध करेपर्यंत, सरकारचं मानलं जातं. अभयारण्यातून तर काडीही उचलायची नाही. खाडीतल्या कांदळवनातली वाळकी मुळंसुद्धा जागेवर राहू द्यायची. त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. आपल्या वाडीत पडलेलं झाड असताना तिकडे हात घालायची गरजच काय?

आता पेरू. याहून चांगलं लाकूड तुला विकतही सहज मिळालं नसतं. कठीण, चिवट, आणि झाड उभ्या उभ्या वाळलेलं. ओलं लाकूड कधी घेऊ नये. त्यातला रस आणि साखर पाण्यात उतरते, त्यावर जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. सकाळी मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात ते अनेकदा यामुळे.

हातात घेतल्यावर आधी अंगठ्याचं नख रोवून बघ. नख रुतलं तर तिथे लाकूड कुजलंय. कठीण थर लागेपर्यंत चाकूने तासून काढ. पेरूची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, ती सगळी काढ. सालीखाली किड्यांची अंडी आणि माती लपलेली असते. मुळांच्या बेचक्यांत आपली जांभ्याची लाल माती घट्ट बसलीय. ती विषारी नाही, पण सुटत राहिली तर टाकी गढूळ होत राहील. जुना टूथब्रश आणि बांबूची टोकदार काडी घेऊन नळाच्या धारेखाली बस. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाईने उरकू नकोस.

साबण मात्र लावायचा नाही. डिटर्जंट नाही, फिनेल नाही, ब्लीच नाही. सगळ्या तयारीचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत चढत होतं, त्या नळ्या झाड मेल्यावरही लाकडात तशाच असतात. त्यामुळे लाकूड वरून धुता येत नाही. ते पितं. जे पाजशील ते आत साठवतं आणि पुढे सावकाश टाकीत सोडतं. म्हणून स्वच्छ पाण्याखेरीज त्याला काहीही पाजायचं नाही. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, वाळवीचं औषध मारलेली जुनी चौकट हे सगळं याच कारणाने बाद.

उकळण्याचा उपयोगही यावरूनच कळेल. किडे, बुरशी, गोगलगायींची अंडी मरतात हे खरंच. पण त्याहून मोठं काम हवेचं आहे. लाकडाच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या असतात तो पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे. लाकूड तरंगतं ते आतल्या पोकळ्यांत हवा असते म्हणून. पाणी तापलं की ती हवा फुगते आणि मुळांच्या कापलेल्या टोकांतून बुडबुड्यांच्या माळा निघू लागतात. पातेल्याजवळ उभं राहून बघ, स्पष्ट दिसतात. मग गॅस बंद केल्यावर आतली उरलेली हवा आणि वाफ आकसते आणि भोवतालचं पाणी आत खेचलं जातं. म्हणून लाकूड गरम असताना बाहेर काढायचं नाही. त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्यायचं. दोनेक तास उकळलंस तरी पुष्कळ झालं. तासन्‌तास उकळत ठेवलं तर तंतू मऊ पडतात आणि लाकूड टाकीत लवकर झिजतं.

पातेलं स्टीलचं घे. आजीचा तांब्याचा बंब माळ्यावर आहे, पण त्याला हात लावू नकोस; तांबं अगदी थोडं उतरलं तरी कोळंबीला आणि गोगलगायींना घातक. लोखंडी कढईही नको, कारण लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. बुंधा पातेल्यात पूर्ण बुडणार नाही. अर्धा उकळ, मग उलटा करून दुसरा अर्धा. ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. वाळकं लाकूड पेट घेतं.

मग भिजवण. सुरुवातीला पाणी रोज बदल, पुढे दोन-चार दिवसांनी. पहिल्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होईल. घाबरू नकोस, ते टॅनिन आहे. तुझे टेट्रा मासे मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, आणि तिथल्या रिओ नेग्रोचं पाणी याच रंगाचं आहे. फायटर मासे पाळणारे लोक देशी बदामाची वाळकी पानं मुद्दाम टाकीत टाकतात ती टॅनिनसाठीच. यात बघायची गोष्ट एकच. टॅनिनमुळे पाणी किंचित आम्ल होतं. बोअरचं जड पाणी ते सहज पचवतं. धरणाच्या मऊ पाण्यात पीएच अधिक उतरतो. पहिल्या महिन्यात पीएच अधूनमधून मोजत जा. नुसता रंग नको असेल तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाल.

किती दिवस भिजवायचं ते लाकूड ठरवतं. सोडल्यावर आपणहून तळाला बसलं आणि पाणी दोन दिवस जवळजवळ नितळ राहिलं, की झालं. घाई असेल तर मुळाशी स्टेनलेस स्टीलचा स्क्रू मारून ते ग्रॅनाइटच्या किंवा आपल्या काळ्या दगडाच्या तुकड्यावर बसव. कडप्पा नको, तो चुनखडीचा दगड आहे.

टाकीत गेल्यावर थोड्या दिवसांत लाकडावर पांढरी, बुळबुळीत साय येईल. तेव्हा तुझा फोन येणार हे मला आत्ताच माहीत आहे. लाकडात उरलेल्या साखरेवर वाढणारी ती बुरशी आणि जिवाणू; माशांना त्रास नाही, गोगलगायी आवडीने खातात, काही आठवड्यांत आपोआप जाते. मात्र नासक्या अंड्यासारखा वास आला तर लाकूड त्याच दिवशी बाहेर काढ, आतून कुजतंय. अ‍ॅन्युबियास लावणार असशील तर दोऱ्याने मुळावर बांध. तिचं आडवं खोड रेतीत पुरलं तर सडतं.

शेवाळ खायला दुकानदार सकर मासा घ्यायला सांगेल. घेऊ नकोस. तो वाढून हातभर होतो, टाकी पुरत नाही आणि मग लोक त्याला नदीत सोडून देतात. उजनीच्या जलाशयात त्याचा उपद्रव झालेला आहे. पुण्याच्या मुठा नदीत त्यात भर नको.

पेरू उकळून गार झाला की लगेच बादलीत बुडव, वर पाटा नाहीतर विटा ठेव. रोजच्या पाण्याचा एकेक फोटो पाठवत जा, आणि मी हो म्हणेपर्यंत टाकीत टाकू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा