रखडलेलं मशीन

ऑगस्ट उजाडला की डीटीपी करणाऱ्यांचे फोन सुरू होतात. दिवाळी अंकांची पानं लावायला घेतलेली असतात आणि नेमकं तेव्हाच मशीन रखडतं. ‘बटण दाबून चहा पिऊन येतो, तरी विंडोज गरगरतंच. नवीन कॉम्प्युटर घेऊ का?’ माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं. आधी टास्क मॅनेजर उघडायला लावतो. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्के, असं दिसलं की निदान झालं: दोष हार्डडिस्कचा.

हार्डडिस्क सेकंदाला दीडशे एमबी वाचते हे खरं, पण सलग लिहिलेली एकच मोठी फाइल असेल तर. विंडोज सुरू होताना वाचायचे असतात हजारो बारीक तुकडे, तेही चकतीभर विखुरलेले. प्रत्येक तुकड्यासाठी हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. मग चकती फिरून तो तुकडा हेडखाली यायची वाट. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी त्याच्या निम्मी वाट. असे सेकंदाला फार तर ऐंशी तुकडे हाती लागतात. तुकडा चार केबीचा धरला तर दीडशे एमबीवाली डिस्क प्रत्यक्षात जेमतेम तीनशे केबी देते! त्यात डीटीपीवाल्याच्या मशीनमध्ये श्रीलिपीचे आणि कुठून कुठून जमवलेले शेकडो फॉन्ट.

यावर उपाय एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली मांडलेली नँड फ्लॅश मेमरी, तिच्या चिपा आणि एक कंट्रोलर, एवढाच कारभार. कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळतो.

म्हणूनच २०११-१२ सालच्या एच ६१ बोर्डांनाही मी बिनधास्त एसएसडी लावतो. त्यांचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, त्यामुळे साडेपाचशे एमबीच्या ड्राइव्हचा वेग निम्म्यावर येतो. ‘मग पैसे पाण्यात की!’ असं ऐकवणारे भेटतात. पण वाट पाहणं संपलेलं असतं, आणि खरा त्रास त्याचाच होता. साडेतीन हजार एमबीची एनव्हीएमई पट्टी व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी जरूर घ्यावी. हिशेब आणि पानांच्या कामात पहिल्या उडीपुढे हा फरक जाणवत नाही. पट्टी घ्यायचीच तर आधी बोर्डाचं मॅन्युअल वाचा. एम.२ हा फक्त आकार. २२ बाय ८० मिलिमीटरच्या त्याच पट्टीत आत साटा असेल किंवा एनव्हीएमई. दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, आणि प्रत्येक खाचेत दोन्ही चालतातच असं नाही.

बसवणं सोपं. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची, डेटा आणि पॉवरच्या दोन केबल जोडायच्या. ब्रॅकेट नसेल तर दोन स्क्रूंवरही भागतं. बायॉसमध्ये मोड एएचसीआय आहे ना, ते विंडोज टाकण्याआधी बघून घ्या.

मात्र एका गोष्टीवर मी अडून बसतो: नवं विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढलेलीच हवी. नाहीतर इन्स्टॉलर पुष्कळदा सुरू होण्यापुरत्या फाइली गुपचूप जुन्या डिस्कवर ठेवतो. सगळं झकास चालतं. पुढे कधीतरी जुनी डिस्क मरते आणि धडधाकट एसएसडी असूनही मशीन उठत नाही. मग लोक एसएसडीच्या नावानं खडे फोडतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ही जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून पानं लावायच्या मशीनला मी सरळ इंटरनेटपासून तोडतो.

आता बॅकअप. हार्डडिस्क बऱ्याचदा मरण्याआधी टकटक करते, अडखळते. एसएसडी पुष्कळदा काल होती, आज नाही, अशी जाते. शिवाय ट्रिम चालू असतं. डिलीट केलेल्या फाइलची जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकतो आणि रिकव्हरीवाल्याच्या हाती सहसा काही लागत नाही. एका कर सल्लागारांनी विचारलं, ‘मग जुनी डिस्क भंगारात देऊ?’ म्हटलं, ‘अहो साहेब, ठणठणीत आहे ती! तिथेच राहू द्या, रोज रात्री टॅलीचा बॅकअप तिच्यावर.’ सलग मोठी फाइल लिहिण्यात ती अजून तरबेज आहे. आणखी एक प्रत मात्र ऑफिसबाहेर ठेवायला सांगितली, कारण चोर कॅबिनेट उचलतो तेव्हा दोन्ही ड्राइव्ह त्यातच असतात.