थोरली

आमच्या घरात कुणी साल सांगत नाही, दुष्काळ सांगतात. वडील जन्मले ते बहात्तरच्या दुष्काळात. मला शाळेत घातले ते छावणीच्या वर्षी, म्हणजे २०१२ साली. माण तालुक्यातल्या वाचकांना यात नवल वाटायचे नाही. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचा पाऊस कोसळतो त्याच जिल्ह्यात आमचेही गाव आहे; पण ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात आणि आमच्या माळावर येतो तो नुसता वारा. बाजरी, हुलगा आणि मटकी, एवढ्यावर माणसे जगत आली. अशा गावात माझ्या आजीने चौऱ्याऐंशी वर्षे काढली. तिचे नेमके वय कुणालाच ठाऊक नव्हते. "गांधीबाबाला मारलं तवा मी सात-आठ वर्साची आसंन," असे ती म्हणे, त्यावरून आम्ही आपला हिशेब मांडला. २०२४ च्या मार्गशीर्षात, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ होऊन आठ दिवस झाले असतील, तेव्हा ती गेली.

तिला घर आणि गाव 'थोरली' म्हणत असे. चार भावांच्या घरात ती थोरली सून म्हणून आली, तेव्हा पंधरा वर्षांची होती. म्हणजे थोरली हे नाव तिला वयाने मिळालेले नव्हते! आजोबा मुंबईला मशीद बंदरात माथाडी कामगार होते. आमच्या भागातले कितीतरी कर्ते पुरुष तेव्हा तिथेच पाठीवर पोती वाहत होते. आजोबा वर्षातून दोनदा यायचे, यात्रेला आणि सुगीला. मधल्या काळात मनिऑर्डर यायची आणि कधी यायचीही नाही. सासू, दीर, जावा, पोरेबाळे धरून बावीस माणसांची चूल थोरलीच्या अंगावर होती. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जाते सुरू व्हायचे. मग आडाचे पाणी, मग शेण, मग भाकरी, मग शेत. या दिनक्रमाबद्दल मी तिला एकदा कौतुकाने विचारले, तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं? समद्या बायका तेच करत्यात." तिच्या लेखी तो विषयच नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळाचे मात्र ती बोलायची. वडील तेव्हा अंगावर पीत होते. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले आणि थोरली पोराला पाठीशी बांधून मातीच्या पाट्या वाहायला गेली. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची आणि खाली पाटी उचलायची. रेशनवर मिलो मिळे. त्याच्या लालभडक भाकरीला चव नसायची आणि ती थापतानाच फुटायची. कामावर सुकडी वाटत. ती थोरली पदरात बांधून घरी आणायची, कारण घरी जावांची पोरे वाट बघत असत.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला सर रोजगार हमी योजनेवर शिकवीत होते. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती, त्या अनुभवातून ही योजना उभी राहिली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, असे ते सांगत होते. बाकीची मुले वहीत टिपून घेत होती. मला त्या पन्नास लाखांत एक बाभळीची झोळी दिसत होती. अकरावीत असताना हीच माहिती मी पुस्तकातून थोरलीला वाचून दाखवली होती. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्यावरनं कायदा झाला व्हय? मग मस्टरवर आंगठा कुणाकुणाचा हुता, ते बी लिवलंय का त्यात?"

त्या मस्टरचे तिच्या मनात खोल रुतून बसले होते. एका आठवड्यात तिने सहा दिवस माती वाहिली आणि मुकादमाने चारच मांडले. अंगठा उठवताना कागदावर काय लिहिले आहे हे तिला कळत नव्हते. भांडली, तर "कागदावर बघ की," म्हणून तो हसला. दोन दिवसांचे पैसे गेले याचे तिला फार नव्हते. तो हसला, ते ती पन्नास वर्षांनी सांगतानाही तिचा आवाज बदलायचा. बारावीनंतर मला स्थळ आले. मुलगा पुण्याला कंपनीत होता, घरच्यांचा कल होता. थोरली खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "तिला कुटलं बी मस्टर वाचता येऊ दे, मग बघू." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले पहिले माणूस मी आहे. त्यामागे इतकाच ठराव झाला होता.

आता तिच्या देण्याविषयी. तेराव्याला जी माणसे आली त्यांतला प्रत्येक जण काही ना काही घेऊन गेलेला होता. कुणी लुगडे, कुणी बी-बियाणे, कुणी आजारपणात दूध. मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेने जाणारे धनगर दिवाळीनंतर आमच्या रानात वाड्यावर उतरत. त्यांच्या लेकुरवाळ्या बायांना भाकरी आणि कोरड्यास आमच्या घरून जायचे. जुन्या लुगड्यांच्या वाकळा ती शिवायची त्या घरात किती राहिल्या आणि बाहेर किती गेल्या, याची गणती नाही. लोक बोलत होते, डोळे पुसत होते. माझी आई मात्र चुलीपुढून उठली नाही. रात्री ती मला म्हणाली, "थोरली देत हुती, खरंय. पर रांधत मी हुते."

हे वाक्य या लेखात घालावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. गेलेल्या माणसावर लिहिताना असे लिहीत नाहीत. पण दान म्हणतात ते घरातल्याच कुणाच्या तरी ताटातून जात असते, आणि ते ताट बहुधा सुनेचे असते. २००३ च्या दुष्काळात आई माझ्या मोठ्या भावाच्या वेळी पोटुशी होती. त्या रात्री दारात आलेल्या पाच माणसांना थोरलीने दुरडीतल्या सगळ्या भाकरी वाढल्या. पीठ संपलेले. आई पाणी पिऊन निजली. थोरलीने त्यावर काही म्हटले नाही, तिला तसे बोलता यायचेच नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या वरच्या मडक्यात जाऊ लागली. ती आईची. दारात देव आला तरी ती भाकरी मडक्यातून निघायची नाही. "एकवीस वर्सं ठिवली म्हातारीनं," असे आई सांगते आणि हसते. तिचा राग खरा आहे आणि हे हसणेही खरे आहे.

मला स्वतःला थोरली सर्वांत जवळून दिसली ती छावणीत. चारा-पाणी संपले म्हणून गावोगावची जनावरे म्हसवडच्या बाजूच्या छावणीत नेली होती. आमची एक गाय आणि दोन बैल. बहात्तर वर्षांची थोरली त्यांच्याबरोबर राहायला गेली आणि सुट्टीत मी तिच्याबरोबर. उसाच्या वाढ्यांचा आडोसा, वर फाटकी ताडपत्री, रात्री शेकडो गुरांच्या गळ्यातल्या घंटा. तिथे तिने शेजारच्या आडोशातल्या बायांशी महिन्याभरात असे नाते जोडले की कुणाची गाय व्याली तरी आधी हाक हिला. टँकर आला की ती रांगेत मागे उभी राही. मी पुढे ओढायची, तर म्हणे, "आपली तीनच जनावरं हाईत, पोरी."

आणखी एक गोष्ट राहिली. स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या हाताला भिंतीवर वीतभर जागा अशी होती की दिवाळीला पांढऱ्या मातीने सगळे घर पोतारले तरी तेवढी जागा थोरली पोतारू देत नसे. तिथे कोळशाच्या रेघा असत. उभी रेघ म्हणजे धान्याची पायली, आडवी म्हणजे पैसे. लहानपणी मला वाटे की लोकांनी आपले किती नेले ते ही लिहून ठेवते. उलट होते. लोकांचे आपण काय आणले तेवढेच त्या भिंतीवर असे. फेडले की ती ओल्या बोटाने रेघ पुसायची. दिलेल्याची नोंद तिने कधी केली नाही.

ती गेली तेव्हा तीन उभ्या रेघा राहिल्या होत्या. तेराव्यानंतर आई मला म्हणाली, "ह्या फेडल्याबिगर भिंतीला हात लावायचा न्हाई." थोरल्या आत्याने त्यांतली एक ओळखली, ती शेजारच्या वस्तीवरची. आईने डोक्यावर पायलीभर बाजरी घेतली, मी तिच्याबरोबर गेले. त्या घरातली म्हातारी ऐकेना. "आमचं काय बी देणं न्हाई. आमीच तिचं किती खाल्लंय!" म्हणून तिने सोप्यातच वाट अडवली. आईने बाजरी उंबऱ्याशी ठेवली आणि मागे न बघता घरी आली. दुसरी रेघ दूरच्या नात्यातली निघाली. तीही चैत्रात फिटली.

तिसरीचा पत्ता लागत नाही. ती सगळ्यांत जुनी दिसते, कडेने फिकी झालेली. आत्याला वाटते, ती बहात्तरची असावी. तलावाच्या कामावर एका बाईने पोराला शेळीचे दूध पाजले होते, असे थोरली एकदा बोलली होती. ती बाई कोणत्या गावची, तिचे नाव काय, आत्याला आठवत नाही. वडील म्हणतात, आता कुठे शोधायचे? आई बुधवारी म्हसवडच्या बाजाराला जाते, तेव्हा पारावर बसलेल्या म्हाताऱ्या बायांपाशी थांबते आणि विचारते, "आत्याबाई, तुमी बहात्तरला कुटल्या तळ्यावर हुता?"