पावती

महाविद्यालयात असताना चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ वाचली, तेव्हा मला पिपचा हेवा वाटला होता. लोहाराच्या घरी वाढलेला हा अनाथ मुलगा धनलाभ होताच लंडनचा ‘सद्गृहस्थ’ बनतो! १८६०-६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी परवा पुन्हा वाचली आणि दृष्टी जो गार्गरी या लोहारावर खिळली.

जो लंडनला भेटीस येतो, तेव्हा पिपला त्याची लाज वाटते. पुढे पिप कर्जात बुडतो, आजारी पडतो. जो त्याची शुश्रूषा करतो आणि एके पहाटे न सांगता निघून जातो. मागे राहते एक चिठ्ठी व कर्जफेडीची पावती. खरा सद्गृहस्थ कोण, हे ती पावतीच सांगते.

माझे वडील टोपी घालून, कापडी पिशवी घेऊन वसतिगृहात आले होते. मित्रांना मी म्हणालो, “आमच्या दुकानातले मुनीम.” वडिलांनी ते ऐकले. काही न बोलता शुल्क भरले आणि पावती माझ्या हाती ठेवली.

पिपला निदान जोची क्षमा मागता आली. मी शब्द जुळवीत राहिलो, तोवर वडील गेले.