शैलेयाची साक्ष

आमच्या बालपणीं घरांत गोडा मसाला करावयाचा झाला म्हणजे मातोश्री आम्हांस परड्यांतील रायवळ आंब्यांकडे धाडीत. त्यांच्या खोडांवर राखी-हिरवट, कडांस मुरडलेल्या दगडफुलाचे थर असत. वैद्यकांत ह्यासच शैलेय म्हणतात. नांव शिळेचें, पण वस्ति पुष्कळदां झाडावर! बुरशी आणि शेवाळ ह्या दोघांनीं एकत्र थाटलेला हा संसार. ह्यास खरीं मुळें नाहींत. पाऊस, धुकें आणि वारा जें आणून देतील तेंच ह्याचें अन्न. देवरूखच्या पावसांत त्यास कधीं कांहीं कमी पडलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

नऊ वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें दुधाचा धंदा काढिला. दोन गाईंच्या जागीं अठरा म्हशी आल्या. आंब्यांच्या सावलींत गोठा व त्याला लागून शेणाची गायरी, ही जागा आम्हींच दाखविली होती. गेल्या वर्षीं दुसरा गोठा बांधण्याचें ठरलें, तेव्हांहि घरांतील वडील म्हणून देवराईच्या कडेची जागा आम्हींच सुचविली. चिरे येऊन पडले. इतक्यांत पुण्यास वनस्पतिशास्त्र शिकणारी आमची नात सुटींत घरीं आली.

“आजोबा, गोठ्याजवळच्या आंब्यांवरचें दगडफूल कुठें गेलें?”

“झाडें म्हातारीं झालीं, बाळ. आमच्यासारखींच.”

“म्हातारीं झाडें देवराईच्या कडेलाहि आहेत. त्यांच्यावर आहे कीं!”

चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या माणसास ह्यावर उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें तारेची एक चौकट केली. लांबी ५० सेंटिमीटर, रुंदी १० सेंटिमीटर, आंत पांच सारखीं घरें. ही चौकट जमिनीपासून एक मीटर उंचीवर, खोडाच्या चारी दिशांस धरावयाची आणि कोणतें दगडफूल किती घरांत आहे तें लिहावयाचें. युरोपांत हीच रीत प्रमाण मानितात. झाडें सर्व आंब्याचींच, घेरानें जवळजवळ सारखीं. कोंकणांत वारा ऋतूप्रमाणें फिरतो, म्हणून गोठ्याच्या दोन्ही अंगांचीं झाडें तिनें घेतलीं. चुलीच्या धुराजवळचीं टाळलीं. ती सांगे, आम्ही वहींत लिहूं.

गोठ्यालगतच्या झाडांवर पानासारखें मुरडलेलें दगडफूल एकाहि घरांत नव्हतें. सालीस चिकटलेले करडे ठिपके तेवढे होते. जसजसें दूर गेलों तसतशी घरें भरूं लागलीं. दोनशें पावलांवर, देवराईच्या तोंडाशीं, चारी दिशांस पांचहि घरें भरलेलीं! आमचेंच हस्ताक्षर आम्हांस आमची चूक वाचून दाखवीत होतें.

कारण तिनें समजावून सांगितलें. गोमूत्रांतील युरिया शेणांतील जंतूंच्या क्रियेनें फुटतो व त्याचा अमोनिया होऊन वाऱ्यावर जातो; शेतांत वरून फेंकलेल्या युरियाचेंहि तेंच. नत्र हें पिकाचें पोषण खरें. परंतु ज्यास उपवासाची संवय, त्यास पक्वान्न बाधतें. हवेच्या एका घनमीटरांत वर्षाच्या सरासरीनें १ मायक्रोग्रॅम अमोनिया, ही दगडफुलांची व हरितांची मर्यादा शास्त्रज्ञांनीं ठरविली आहे. मोठ्या वनस्पतींची ३. इतक्या अल्प अंशाचा आपल्या नाकास पत्ताहि लागत नाहीं. स्कॉटलंडांतील व्हिम येथील दलदलीवर २००२ सालापासून नळीवाटे अमोनिया सोडून पाहिला, तेव्हां नळीजवळचें शैलेयच आधीं मेलें. अर्थात् चौकटीनें वायूचें वजन कळत नाहीं. त्यासाठीं आम्लांत भिजविलेला कागद लहान नळींत घालून महिनाभर टांगावा लागतो व प्रयोगशाळेंत तपासावा लागतो. तिनें तोहि नेला आहे.

आमच्या मनांत मात्र एक अढी होती. शेण आणि गोमूत्र आम्ही पवित्र मानीत आलों. त्यांनीं रानास अपाय व्हावा? विचारान्तीं कळलें कीं प्रश्न पावित्र्याचा नाहीं, परिमाणाचा आहे. दोन गाईंचें शेण परड्यास पुरत नव्हतें. अठरा म्हशींचें परड्यांत मावत नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर सर्वांदेखत आम्हीं आमचा शब्द मागें घेतला. पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. चिरे हलविण्याचा खर्च थोडा नव्हता. तो आम्हीं आमच्या पेन्शनींतून दिला. गोठा खालच्या शेताकडे गेला. गायरीवर आतां रोज माती व पातेरा पडतो, मूत्र ओहळांत न सोडतां पोफळींच्या आळ्यांत मुरवितों. भातासहि युरिया फेंकीत नाहीं; डॉ. नारायण सावंत ह्यांच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणें चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचतों. नत्र चिखलांतच राहतो, आणि पैसाहि.

गोठ्याजवळच्या आंब्यांवर दगडफूल अजून परतलेलें नाहीं. तें वर्षाकांठीं कांहीं मिलिमीटरच वाढतें. नातीनें खोडांवर खुणा करून ठेविल्या आहेत आणि दर मार्गशीर्षांत मोजून तिला लिहावयाचा अभ्यास आम्हांस घालून दिला आहे. ह्या वर्षींचा आम्हीं वेळेवर पुरा केला.