हादऱ्याने गोळी सुटते का?

बारडोलीहून सुरतेला जाताना कधी कधी बँकेची कॅश व्हॅन आपल्या पुढे असते. मागच्या जाळीतून गार्डची बंदूक दिसते. दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची गाडीत होती. ती कॉलेजच्या एनसीसीत आहे. व्हॅन एका खड्ड्यात चांगलीच आदळली तेव्हा तिने विचारले, "मामा, अशा धक्क्याने आपोआप गोळी नाही का सुटत?" ताई मागून म्हणाली, "काहीतरीच विचारतेस!"

मला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. मी साखर कारखान्यात फिटर आहे. हादऱ्याने यंत्राचे काय होते, हे दर गाळप हंगामात पाहतो. म्हणून या प्रश्नाचा नीट छडा लावायचे ठरवले.

आधी गोळी सुटते कशी ते पाहू. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यावर टोकदार पिनेचा जोरदार ठोका बसला की आतली दारू पेटते. हा ठोका देणारी स्प्रिंग दाबून धरलेली असते आणि तिला एका लहानशा खाचेने अडवलेले असते. चाप ओढला की खाच सरकते आणि स्प्रिंग मोकळी होते. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की बोट न लावता ती खाच सरकू शकते का?

ढोबळ हिशेब करून पाहा. चाप ओढायला साधारण २ किलोचा जोर लागतो असे धरू. चापाचे स्वतःचे वजन समजा २० ग्रॅम. मग चापाने स्वतःच्याच वजनाने सरकायचे, तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १०० पट हवा, आणि तोही नेमक्या दिशेने. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा आपल्याला बसणारा धक्का फार तर काही पट असतो. म्हणून बंदूक धड असेल, तर रस्त्याच्या किंवा आगगाडीच्या हादऱ्याने गोळी सुटत नाही. भाचीला अर्धे उत्तर इथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर पडण्याचे आहे. १.२ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण कमरेच्या वरून, बंदूक फरशीवर पडली आणि ४ मिलिमीटरमध्ये थांबली, तर धक्का १२०० भागिले ४, म्हणजे ३०० पट होतो. आपल्या १०० च्या तिप्पट! गादीवर पडणे आणि लादीवर पडणे यांत फरक आहे तो हाच.

हे कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत सिग सॉअर कंपनीचे पी ३२० पिस्तूल एका विशिष्ट कोनात पडले तर गोळी सुटते, असे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसले. मग कंपनीने ग्राहकांना फुकट दुरुस्ती देऊ केली. तीत एक बदल होता तो म्हणजे चाप हलका करणे. वजन कमी, तर धक्क्याने सरकण्याचा जोरही कमी. आपल्या वरच्या हिशेबातले २० ग्रॅम ते हेच.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्टेनगनची तऱ्हा वेगळी होती. भरलेले मॅगझिन लावलेली स्टेनगन दस्त्यावर आपटली, की आतला जड बोल्ट झटक्याने मागे जाई, परत येताना काडतूस पुढे ढकली आणि गोळी सुटे. चापाचा संबंधच नाही. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरे असत, पण जाणती माणसे पाचच भरत. कारण घोडा खाली असताना तो थेट काडतुसावर टेकलेला असे आणि घोड्यावर दणका बसला तरी पुरे होई.

आपल्याकडचे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडले, असे सांगण्यात आले.

मग हादरा निरुपद्रवी का? फिटर म्हणून माझे उत्तर 'नाही' असे आहे. हादरा एका झटक्यात काही करत नाही, तो हळूहळू करतो. नट सैल होतो, पेच फिरतो, कडा झिजते, तेलात धूळ बसून भाग अडकतो. कारखान्यात त्यासाठी लॉक नट असतात आणि हंगामानंतर सगळे उघडून पाहतात. बंदुकीतली ती खाच नखाएवढीही नसते. तिची कड गोल झाली, तर २ किलोऐवजी अर्ध्या किलोतच सरकेल, आणि मग वरचा सगळा हिशेब कोलमडतो. वर्षानुवर्षे जीपमधून फिरलेली, कधी न उघडलेली बंदूक म्हणूनच भरवशाची नाही.

हे सगळे मला महत्त्वाचे वाटते ते घरच्या एका कारणाने. नंदुरबारकडे आईच्या काकांच्या शेतावर बारा बोअरची दुनळी आहे, रानडुकरांसाठी घेतलेली. आप्पा बैलगाडीत चढण्याआधी ती मोडून काडतुसे काढत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. गाडी दहा पावले जायची असली तरी. आम्हाला लहानपणी तो म्हाताऱ्याचा चाळा वाटे.

आप्पांनंतर बंदूक रीतसर मामेभावाच्या नावावर झाली. मध्यंतरी आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हा ती ट्रॅक्टरच्या सीटमागे उभी होती आणि पोरे ट्रॉलीत चढत होती. मी म्हटले, "भाऊ, उघडून दाखव ना." तो म्हणाला, "सेफ्टी लावलीय, काही होत नाही." पण अशा बऱ्याच दुनळ्यांमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते, आतली खाच अडवत नाही. आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही घोडा सुटू शकतो. हे मी सांगितले, तेव्हा त्याने जरा रागानेच बंदूक मोडली. दोन्ही नळ्यांत काडतुसे होती.

तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता मात्र बंदूक कुलपात असते आणि काडतुसे वेगळ्या कपाटात.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे फायरिंगच्या आधी आणि नंतर 'जाँच शस्त्र' असतेच." हुकूम झाला की प्रत्येकाने रायफल उघडून आत काडतूस नाही हे दाखवायचे. तिथे कोणालाच हा अपमान वाटत नाही. घरात मात्र वाटतो, कारण समोर मामा, काका, भाऊ असतात.

म्हणून तुम्हा मुलांना सांगावेसे वाटते. कोणाच्या शेतावर, लग्नाच्या जीपमध्ये, नातेवाइकांच्या कपाटात बंदूक दिसली, तर हात लावू नका, नळीच्या समोरून बाजूला व्हा आणि मोठ्यांना सरळ म्हणा, "उघडून दाखवा." कोणी रागावले तर रागावू द्या. रिकाम्या नळीतून कुठल्याच धक्क्याने गोळी सुटत नाही.