जुना कॅमेरा, आपली माणसे

कोहमारा हे चौरस्त्याचे गाव. नागपूरहून साकोलीवरून देवरी-रायपूरकडे जाणारा महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. दिवसरात्र ट्रक धावत असतात. येणारा-जाणारा चौकात चहा पितो आणि पुढे निघून जातो. पण या चौकाच्या आसपास ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसांचा धड एक फोटो तरी त्यांच्या घरात आहे काय, असे विचारत फिरले तर बऱ्याच घरांतून उत्तर येते, "नाही जी."

आम्ही कारकून माणूस. शिक्षण बी. कॉम. पगार हातात येण्याआधीच त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. अशा माणसाने फोटोग्राफीचा छंद करावा काय, असे आम्हाला अनेकांनी विचारले. हा श्रीमंतांचा शौक आहे, अशी समजूत आपल्या वस्तीत पक्की बसलेली आहे. आमचे उत्तर असे की छंद जरूर करावा. मात्र नव्या कोऱ्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढून नव्हे. दुसऱ्याने वापरून सोडलेला जुना कॅमेरा आणि जुनी लेन्स यांच्यावर आमची वीस वर्षे मजेत गेली. त्या अनुभवातले चार शब्द वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात साध्या माणसाच्या हाती कॅमेरा आला तोच स्वस्त कॅमेऱ्यामुळे. १९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने 'ब्राउनी' नावाचा पुठ्ठ्याचा डबा एक डॉलरला विकायला काढला आणि फोटो काढणे ही स्टुडिओवाल्याची मक्तेदारी राहिली नाही. आपल्याकडे तेच काम 'अग्फा क्लिक थ्री'ने केले. हा कॅमेरा भारतातच तयार होई. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. फार काही जुळवायचे नसे. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' हा कृष्णधवल रोलही तेव्हा मिळे. तो कारखाना आता बंद झाला आहे. आमचे मामाजी भंडाऱ्याहून सुटीत येत तेव्हा गळ्यात क्लिक थ्री असे. बारा फोटोंत सारे नातेवाईक बसवायचे म्हणून ते आधी कागदावर यादी करीत, मगच बटन दाबत. मोजून फोटो काढण्याची ती शिस्त आम्ही त्यांच्याकडून घेतली.

आमचा स्वतःचा पहिला कॅमेरा आला २००४ साली. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या मालाच्या एका दुकानात रशियन 'झेनिट-ई' अठराशे रुपयांना मिळाला. लेन्ससह वजन किलोच्या जवळपास. कामगाराच्या हातातल्या अवजारासारखी त्याची घडण. त्याला बॅटरी लागत नाही. उजेड मोजायला वर सेलेनियमची पट्टी असते, तिच्यावर प्रकाश पडला की काटा हलतो. आमच्या कॅमेऱ्यातला काटा केव्हाच थकलेला होता, पण त्यामुळे काही अडले नाही. लख्ख उन्हात लेन्सचे छिद्र १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या अंकाजवळचा धरायचा, हा जुना नियम आहे. १०० अंकाची फिल्म असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. सावलीत गेलो की छिद्र दोन-तीन घरे मोठे करायचे. एवढ्या हिशेबावर वैशाखातले ऊन आम्हाला तोंडपाठ झाले.

या कॅमेऱ्यावर ५८ मि.मी.ची 'हेलिऑस' लेन्स होती. जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या 'बायोटार' लेन्सच्या रचनेवरून रशियात ती बनवली गेली. छिद्र २ पर्यंत उघडते, म्हणजे कौलारू घरातल्या अंधुक उजेडातही फ्लॅशशिवाय काम भागते. माणसाच्या चेहऱ्याला ही लेन्स फार चांगली. जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम ५० मि.मी.च्या एकाच लेन्सवर केले. एका लेन्सवर एवढे काम होऊ शकते, तर आपण पाच लेन्सा कशाला मागायच्या? पुढे-मागे व्हायला आपल्याला पाय आहेत.

आता थोडे हिशेबाचे बोलू, कारण बी. कॉम. झालेल्या माणसाला त्याशिवाय राहवत नाही. वाणिज्य शाखेत घसारा नावाचा एक धडा असतो. नवी वस्तू दुकानाबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते. कॅमेऱ्याच्या बाबतीत तर ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच निम्म्याजवळ येते. जुना कॅमेरा घेणाऱ्याला हा घसारा भरावा लागत नाही. तो आधीच्या मालकाने भरलेला असतो. आम्ही झेनिटचा सांगाडा पुढे बाराशे रुपयांना विकला, लेन्स मात्र ठेवली. म्हणजे दहा वर्षांच्या वापराचा खर्च किती झाला, तो वाचकांनीच काढावा. खरा खर्च होता रोल, धुलाई आणि प्रिंटचा. ३६ फोटोंच्या एका रोलमागे सारे मिळून तीनशेच्या आसपास जात. म्हणून महिन्याला एकच रोल, असा घरात नियम ठरला. आमच्या घरून स्पष्ट सांगणे होते, "अहो, तुमचा छंद चालू द्या, पण पोरीच्या वह्या-पुस्तकांच्या पैशाला हात लावायचा नाही." आजवर तो लागला नाही. एक वस्तू विकल्याशिवाय दुसरी आणायची नाही, हाही नियम त्याच वेळचा.

जुनी वस्तू घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. लेन्स हातात घेतली की मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून आरपार बघावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. बारीक धूळ चालते, पण बुरशी असलेली लेन्स कितीही स्वस्त असली तरी ठेवून यावी. छिद्राच्या पात्यांवर तेल नको, कडी फिरवताना अडखळ नको. रोलचा कॅमेरा असेल तर मागचे दार उघडून शटर चालते का ते बघावे, आणि दाराच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल तर तो बदलावा लागेल हे समजावे. बॅटरीच्या खणात हिरवट बुरा दिसला तर सावध व्हावे. डिजिटल कॅमेरा असेल तर शटर आजवर किती वेळा पडले ते विचारावे, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून डाग आहेत का ते पाहावे, आणि मगच पैसे मोजावे.

आपला भाग धानाचा. चार महिने हवेत ओल असते आणि लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू तीच. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवून पावसाळाभर कपाटात कोंडला की बुरशी धरलीच समजा. आम्ही हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवतो. तांदळाच्या डब्यात ठेवा, असे काही जण सांगतात; पण तांदळाची पूड लेन्सच्या कड्यांत शिरते, म्हणून आम्ही ते टाळतो. पावसाळ्यातही आठवड्याला एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा. वापरातल्या वस्तूला बुरशी सहसा लागत नाही.

२०१४ पर्यंत आमच्या भागात रोल धुऊन मिळणे अवघड होत गेले. खुद्द कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तेव्हा आम्ही कॅननचा '१०००डी' हा वापरलेला डिजिटल कॅमेरा सात हजारांत घेतला. २००८ सालचे हे मॉडेल, दहा मेगापिक्सेलचे. त्यावर काही शे रुपयांची एक कडी बसवली की झेनिटची आटे असलेली लेन्स फिरवून लावता येते. फोकस हाताने करावा लागतो, तेवढेच. या कॅमेऱ्याचा सेन्सर रोलच्या चौकटीहून लहान, त्यामुळे ५८ मि.मी.ची लेन्स ९० मि.मी.सारखी काम करते आणि चेहरे आणखी चांगले येतात. नायकॉन वापरणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे. त्यात लेन्स आणि सेन्सर यांमधले अंतर जास्त असते, त्यामुळे साध्या कडीने हीच लेन्स लावली तर दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही. दहा मेगापिक्सेल कमी वाटतात, पण तेवढ्यात ८ बाय १२ इंचांचा उत्तम प्रिंट निघतो. आपल्या भिंतीला याहून मोठा कशाला हवा?

आमच्या गल्लीत एक आजी राहत. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी करण्यात गेला. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही कॅमेरा पुसत बसलो होतो, तर त्या जवळ येऊन म्हणाल्या, "बाबू, माजा फोटू काढशीन का? एकलीचाच पाहिजे." आम्ही त्यांना दारात बसवले. उजेड एका बाजूने येत होता. त्यांनी पदर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. वर्षानुवर्षे चिखलात राहून बोटांची नखे झिजलेली होती. आम्ही मुद्दाम हात चौकटीत घेतले. नंतर त्या म्हणाल्या, "आमच्या घरवाल्याचा फोटूच नाही. पोट्टे विचारतेत, आजा कसा दिसे? म्या सांगतो, तुया बापाच्या नाकावानी नाक होता." त्यांचे यजमान १९८८ साली वारले होते. घरात तीन मुले, सात नातवंडे, पण त्या माणसाचा चेहरा आता फक्त आजींच्या डोळ्यांत उरला होता.

दोन वर्षांनी आजी गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेखाली तोच फोटो ठेवला होता. कामासाठी बाहेर गेलेला त्यांचा धाकटा मुलगा फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काकाजी, मायचे हात तुम्ही बरे घेतले." यजमानांचा चेहरा मात्र आजींबरोबर गेला. आता तो कोणालाही काढता येणार नाही, कितीही महागडा कॅमेरा आणला तरी.

तेव्हापासून आम्ही एक काम हाती घेतले आहे. रविवारी सवड मिळेल तसे कोहमारा आणि आसपासच्या वस्त्यांत जायचे, सत्तरीपुढच्या माणसांचे फोटो काढायचे. एक चेहऱ्याचा, एक कामाच्या अवजारासह: कोणाची विळी, कोणाची कुऱ्हाड, कोणाचे बांबूकामाचे कोयते. दोन प्रिंट काढून एक घरी द्यायचा, एक आपल्याकडे ठेवायचा. प्रिंटचा खर्च कोणी दिला तर घेतो, नाही दिला तर मागत नाही.

कष्टाच्या माणसाचा फोटो हा काही दयेचा विषय नाही. मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. ज्यांच्याकडे शहराने पाहायचे टाळले, त्यांच्याकडे त्यांनी पाहायला लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही हौशी माणसे, आमची त्यांची बरोबरी नाही. पण कॅमेरा कोणाकडे वळवायचा, एवढे तर आपणही ठरवू शकतो.

जुन्या वस्तूंच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रात्रीचा कार्यक्रम, धावती मुले, लग्नातली धावपळ यांत हाताने फोकस करणारी लेन्स मागे पडते. तेथे आजचा साधा मोबाईल अधिक कामाचा. पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि ती जुनीसुद्धा महाग पडते. आपल्या जिल्ह्यातला सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो. आखूड लेन्स घेऊन त्याच्याजवळ जाण्याचा मोह कोणी करू नये. फोटोपायी घरटे मोडणे हा छंद नव्हे. सारस दुरूनच पाहावा, लहान दिसला तरी चालेल.

मोबाईलमुळे आता फोटो भरपूर निघतात, हे खरे. पण फोन फुटला, हरवला की तेही गेले. आमच्या मते कागदावर उतरला आणि मागे नाव लिहिले गेले, तोच फोटो टिकला. म्हणून वाचकांना एवढीच विनंती. कॅमेरा जुना असो, मागून आणलेला असो की मोबाईल असो. या महिन्यात घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दाराच्या उजेडात बसवा. हात दिसू द्या. वीस-तीस रुपयांचा प्रिंट काढा. मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, पूर्ण नाव, गाव, काम आणि तारीख लिहा. नुसते 'आजी' लिहू नका. आणखी पन्नास वर्षांनी तो फोटो ज्याच्या हाती पडेल, त्याला त्यांचे नाव कळले पाहिजे.